वस्तू क्रमांक चौदा

सकाळी सातला कुरामोचींच्या घरात सूप उकळत होतं. घर म्हणजे ओसाकात, नदीच्या पुलाखाली, प्लायवूडच्या फळ्यांना ठोकलेली निळी ताडपत्री. म्हाताऱ्यानं पातेल्यात टोफू सोडला, आणि दारावर टकटक झाली.

दार वाजवून कुणी यावं, हे अकरा वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. एरवी लोक लाथ मारूनच हाक देत.

"कुरामोचीसान, आत येऊ का? त्रास देते हं तुम्हाला," म्हणत महापालिकेच्या ऑफिसातल्या उसुईबाई वाकून आत आल्या. बूट काढले, टाचा आत आणि टोकं दाराकडे करून नीट लावले, आणि चटईवर गुडघे मोडून बसल्या.

एकतीस वर्षं कुरामोची सेंट्रिंगचे सुतार होते. साचे ठोकायचे, काँक्रीट धरलं की सोडवायचे, आणि पुढच्या इमारतीला लागायचं. लोकांच्या बेडरूमच्या भिंती त्यांच्या हातच्या. स्वतः मात्र जन्मभर ठेकेदाराच्या खोलीत, आठ जणांत एक. कंबर मोडली त्या दिवशी काम गेलं, आणि संध्याकाळी खोलीही.

पुलाखाली आल्यावर लोक त्यांना 'फुरोशा' म्हणू लागले, म्हणजे लाटेवर तरंगत आलेला. मग 'होमुरेसु' आला, म्हणजे इंग्रजीतला 'होमलेस'. आज बाईंनी कागद दोन्ही हातांनी पुढे धरला आणि वाचलं, "रस्त्यावर जीवन व्यतीत करणाऱ्या मान्यवरांस..."

"मान्यवर!" म्हातारा खो खो हसला. "ताई, मान्यवरांना द्यायला कप एकच आहे हो. आधी तुम्ही पिणार की मी?"

"हसू नका ना. आम्हाला ट्रेनिंग दिलंय. जुन्यांतला एकही शब्द तोंडून निघाला तर माफीपत्र लिहावं लागतं."

"बरं. मान्यवरांनी करायचं काय?"

बाईंनी पुढचं भरभर वाचलं. "वस्तू क्रमांक चौदा येत्या मंगळवारपर्यंत आपण कृपा करून हटवावी. अन्यथा ती हटवण्याची संधी आम्हांस द्यावी."

"वस्तू? कुठली वस्तू?"

बाईंची नजर ताडपत्रीकडे गेली आणि लगेच खाली आली.

"हिला म्हणता होय!" कुरामोचींनी दाराशी बोट दाखवलं. "मग बूट कशाला काढलेत, ताई? वस्तूत शिरताना कुणी बूट काढतं?"

बाई कानापर्यंत लाल झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "घर लिहिलं तर मंगळवारी पाडता येत नाही. घर म्हटलं की त्यात राहणारा आला, त्याचा हक्क आला, कोर्ट आलं. वस्तू नुसती उचलतात."

"म्हणजे मान सगळा मला दिलात, आणि त्या बदल्यात घर काढून घेतलंत."

"मी नाही हो ठरवलं ते."

"तुम्हाला कुठं म्हणतोय मी?" त्यांनी गॅस बंद केला. "मंगळवारी तुमच्या माणसांनी हात लावायचा नाही. ते फळ्या फोडतील. खिळे मी काढीन, मला सवय आहे. भांडणार नाही, कोर्टात जाणार नाही."

बाईंच्या खिशातलं पेन कुरामोचींनी स्वतःच काढलं आणि कागदावर ठेवलं.

"एवढंच करा. 'वस्तू' खोडा आणि तिथं 'घर' लिहा."