जुमाकान एजेचे बारा प्याले

जुमाकानच्या प्याल्यांवर नारिनच्या डोंगरातल्या त्या गावाचा भारी भरवसा. पाठ धरो की छाती दुखो, दवाखान्यातल्या या एकमेव परिचारिकेला बोलवायचं आणि तिनं आत ज्योत फिरवून काचेचे प्याले पाठीवर चिकटवायचे, अशी एकतीस वर्षांची रीत. सगळे तिला एजे म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

त्या सकाळी तोरोबेक खोगीर चढवताना एकदम छाती धरून खाली बसला. सव्वीस वर्षांचा, उंच, काठीसारखा. जुमाकान पोचली तेव्हा त्याच्या आईनं, कालिचानं, त्याला पालथा निजवला होता.

"वारं शिरलंय, एजे. लावा प्याले."

"श्वास... पुरत नाही, एजे."

"बायको आली की पुरेल! गप पड," जुमाकान म्हणाली.

तपासायची नळी गळ्यातच होती. जुमाकाननं बारा प्याले लावले आणि चहाला बसली. चहा, लोणी, गप्पा. प्याले काढताना तिला त्याचे निळे ओठ दिसले.

तेव्हा कुठे तिनं नळी टेकवली. उजवीकडे श्वास वाजत होता, डावीकडे काहीच नाही. बोटानं ठोकलं तर रिकाम्या पिंपासारखा आवाज. फुप्फुसातून निसटलेली हवा छातीत साचून फुप्फुस मिटलं होतं. आधी ऐकलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं.

शेजाऱ्याच्या ट्रकनं त्याला तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. बुडबुडे उठले. हळूहळू तोरोबेकच्या ओठांवर रंग आला.

डॉक्टरांना पाठीवरचे काळेनिळे गोल दिसले. "हे कुणी केलं?"

"मी," कालिचा म्हणाली.

"पोरगा हातचा गेला असता, आई! नशीब, एजेंनी ओळखलं."

जुमाकाननं मान खाली घातली. डॉक्टरांना तो विनय वाटला.

बाहेर कालिचानं तिचा हात दाबला. "बोलू नका. उद्या गावानं कुणाकडे जायचं?"

या बाईनं आपल्यासाठी शिव्या खाल्ल्या, आणि आपण खाऊ दिल्या. जुमाकानला तिच्याकडे बघवेना. ती वळली, परत आत गेली.

"प्याले मी लावले, डॉक्टर. छाती न ऐकता."

डॉक्टरांनी तिच्या गळ्यातल्या नळीकडे पाहिलं. "किती वेळ गेला?"

दहा मिनिटं, असं ओठांवर आलं होतं.

"पाऊण तास," ती म्हणाली.