शाळेच्या स्टेजची फळी आणि तिसरं कडवं

गेल्या सोमवारी मी माझ्याच खोलीत अडकलो... भर दुपारी, आणि तेही कडी न लावता.

कमलनगरातल्या आमच्या घरात पुढची एक छोटी खोली माझी. पुस्तकं, रेडिओ, खाट आणि मी. दिवाळी जवळ आलीय, आणि आदल्याच आठवड्यात त्या खोलीत शहाबादीवर मी लाकडी फळ्या बसवून घेतल्या होत्या... सागवानी, माझ्या जुन्या शाळेच्या स्टेजच्या. शाळेचा हॉल पाडला आणि त्या फळ्या जळणाला निघाल्या होत्या. मी टेम्पो करून घरी आणल्या.

गल्ली हसली. आमच्याकडं जमिनीला शहाबादी, लाकूड वर. शेजारचे बसप्पा म्हणाले, "अप्पा, लाकूड माळवदाला असतंय की. घर उलटं बांधायलाव का?"

त्यांना काय सांगू... चौथीत असताना गॅदरिंगला याच फळ्यांवर मी कविता म्हणायला उभा राहिलो होतो. नदीची कविता होती. दोन कडवी खणखणीत झाली, आणि तिसऱ्याला डोकं कोरं.

मान खाली घालून बघत राहिलो. पायाखालच्या फळीला डोळ्यासारखी एक गाठ होती, तीही माझ्याकडंच बघत होती. तेवढ्यात फळी कर्रर्र वाजली आणि अख्खी शाळा हसली. साठ वर्षं झाली, तिसरं कडवं काही परत आलं नाही.

ती गाठीची फळी मी मुद्दाम दाराशी बसवून घेतली. आत पाऊल टाकलं की पहिलं तिच्यावरच पडावं म्हणून.

आमच्या मंडळींना, म्हणजे महानंदाला, हे काही पटलं नव्हतं. "दिवाळीला लेक यायच्या आत नीट बसल्या तर बसल्या. न्हाई तर एकेक फळी बंबात घालते, पोरांच्या आंघोळीला पाणी तरी तापंल." तिचं माहेर मुडबी. बोलते तसं करते.

फळ्या बसवणाऱ्या करीम मिस्त्रीनं मला एकच काम सांगितलं होतं. "अप्पा, भाभी को बोल देना, इसपे पानी नको. गीला कपडा बस."

मी सांगायला गेलोही. पण सुरुवात केली ती गॅदरिंगपासून... गोष्टीत मी स्टेजवर चढतोय तोवर तिचं दूध उतू गेलं. पाण्याचं सांगायचं राहूनच गेलं.

आता आमच्या घरी सोमवारी पूजेच्या आधी सगळं घर बादल्यांनी धुतलं जातं. फडक्यानं पुसलेलं घर तिला धुतल्यासारखं वाटत नाही. तिनं माझ्या खोलीतही दोन बादल्या ओतल्या आणि खराटा मारला. मी खाटेवर पाय वर घेऊन बघत होतो... भिजलेला सागवान काय चमकत होता म्हणून सांगू. होडी पाण्यात निघाल्यासारखं वाटलं. करीमचं बोलणं आठवलं नाही ते नाहीच.

दुपारी जेवून दार लोटून पडलो. चारला उठलो तर दार हलेना.

"कामून उघडंना? कडी काढा की," महानंदा बाहेरून.

"कडी लावलीच न्हाई."

फळ्या फुगून वर आल्या होत्या आणि आत उघडणारं दार त्यांच्यावर रुतलं होतं. करीमला बोलावलं. त्यानं खिडकीच्या गजांतून बघितलं. "लकडी फूल गई अप्पा. पानी कौन पिलाया?"

"मला कुनी सांगितलंच न्हाई," महानंदा म्हणाली. करीमनं माझ्याकडं बघितलं. मी वर पंख्याकडं.

"दरवाजे के पास की फल्ली उठी है. उसपे खडे रहो, हिलना नको. मैं बाहर से दरवाजा ढकेलता."

उभा राहिलो. गाठीचीच फळी. पण माझं वजन ते केवढं... फळी दबेना. खिडकीत बसप्पा आणि गल्लीतल्या दोन बायका येऊन उभ्या. "अप्पा, दुपारी जेवलाव का न्हाई?" बसप्पांनी विचारलं.

त्या फळीवर ताठ उभं राहायचं, हलायचं नाही, आणि समोर एवढी तोंडं. माणूस दुसरं काय करणार... मी कविता म्हणायला लागलो.

दोन कडवी खणखणीत झाली. मग पुन्हा तेच. डोकं कोरं. फळी वाजली कर्रर्र. खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं.

आणि दाराच्या पलीकडून तिसरं कडवं आलं. चारही ओळी, कानडी हेल काढत, कुठंही न अडखळता. महानंदाचा आवाज.

जिची सगळी शाळा कानडीत झाली, तिला हे कसं येतं? मी दारालाच विचारलं.

"लेकीच्या पुस्तकात होती की. तिच्या केसांच्या येण्या घालताना रोज म्हणून घेत हुते. तुम्ही आपलं दोन कडवी म्हणायचाव अन् चहा मागायचाव."

ती एकेक ओळ सांगत गेली, मी मागून म्हणत गेलो. गुरुजींनी शिकवलं होतं तसा ओळीच्या शेवटाला पाय आपटत. चौथ्या ओळीला फळी धप्पकन खाली बसली आणि करीम मिस्त्री दारासकट आत येऊन माझ्या पायाशी गुडघ्यावर पडला. टाळ्या बसप्पांनी वाजवल्या.

पाण्याचं मी तिथंच कबूल केलं. महानंदानं त्या गाठीवरून पायाचा अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बंबाला दुसरं लाकूड बघा."

करीमनं दार खालून थोडं रंधून दिलं. या सोमवारी तिनं फडकं दोनदा पिळून खोली पुसली. बादली उंबऱ्याबाहेर धरून उभं राहायचं काम माझ्याकडं होतं.

ते कडवं त्या फळीखालीच कुठंतरी पडलंय, असं मला साठ वर्षं वाटायचं... ते तर आमच्याच घरात रोज सकाळी म्हटलं जात होतं. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, एवढंच.