जिनेवाल्याची उंच गाडी

जिनेवाल्याने आपली पिकअप उंच केली ती आईला डोंगरात न्यायला, आणि त्या उंचीपायीच आई घरी बसायची वेळ आली. गल्लीत हे सगळ्यांना दिसत होतं. समोरच्या न्हाव्याला दिसत होतं, त्याच्या खुर्चीत तोंडाला फेस फासून बसलेल्या गिऱ्हाइकांना आरशातून उलटं दिसत होतं. दिसत नव्हतं ते एकट्या जिनेवाल्याला.

बरं, माणूस बावळट म्हणावा तर तसाही नाही. जिने करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. लाकडी, लोखंडी, खांबाभोवती फिरत जाणारे, माळ्याला टेकवायचे, सगळे तो करतो. कुणाच्याही घरी माप घ्यायला गेला की टेप बाहेर काढण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "घरात सगळ्यात दमलेला पाय कुणाचा?" मग त्या आजोबांना नाहीतर त्या दिवस भरत आलेल्या सुनेला बोलावून घेतो, फळ्यांच्या चवडीवर चढायला लावतो आणि जिथवर त्यांच्या कपाळाला आठी पडत नाही तिथे पायरीची उंची ठरवतो. घरमालक म्हणतात, "अहो, आजोबा खालीच झोपतात." हा म्हणतो, "आज झोपतात. उद्या नातवाची खोली बघावीशी वाटली तर?" त्यामुळे त्याच्या पायऱ्या इतरांपेक्षा बोटभर बुटक्या असतात आणि जिना उगाच लांबतो. लोक कुरकुर करतात, आणि वर्षभराने स्वतःच्या मेहुण्याला याचाच पत्ता देतात.

आता त्याची आई. तिने जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली. गल्ली अजून तिला कंडक्टरबाईच म्हणते. दारात पाय लटकवून उभ्या पोरांना आत ढकलायचं, शेवटच्या माणसाला वर घ्यायचं आणि बस हलल्यावर आपण स्वतः दांडा धरून अलगद चढायचं, ही तिची ऐट. तिच्या मार्गावरचा शेवटचा थांबा डोंगराच्या पायथ्याशी होता. तिथे पाण्याच्या टाकीला वळसा घालून बस माघारी फिरायची. टाकीच्या पुढे कच्चा रस्ता चढत चढत झाडीत शिरायचा. निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, एकदा मटार सोलता सोलता ती म्हणाली, "त्या टाकीच्या पुढे काय आहे, ते काही बघायचं झालं नाही." एवढं म्हणून तिने पुढची शेंग फोडली. पण लेकाने ते वाक्य उचललं.

टाकीच्या पुढे काय आहे, ते गॅरेजवाल्याला ठाऊक होतं. "आधी दगडधोंडे, मग ओढा. ओढ्याच्या पलीकडे मोकळं रान, तंबू ठोकायला झकास. पण तुमची गाडी आहे तशी नेलीत तर पोट घासेल. खाली स्प्रिंगचे पाटे जाड टाका, चाकं मोठी घाला, गाडी उचलून घ्या."

जिनेवाल्याने उचलून घेतली. फळ्या वाहून वाहून कंबर वाकलेली ती पिकअप गॅरेजमधून आली ती टाचा उंचावून चालणाऱ्या पाहुणीसारखी. मागच्या हौद्यात त्याने खण बसवले: एकात शेगडी, एकात भांडी, एकात दोऱ्या आणि खुंट्या. वर उलगडणारा तंबू, कडेला पाण्याची टाकी, पुढे ढीगभर दिवे. न्हावी हातातला वस्तरा तसाच धरून बाहेर आला.

"मास्तर, ओढा ओलांडायचाय की लढाईला जायचंय?"

"आईला न्यायचंय."

"मग बरोबर आहे," न्हावी म्हणाला. "लढाईच ती."

आईने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला हात लावून बघितला, दाराच्या उंबरठ्याकडे एकवार पाहिलं. तो आता तिच्या कमरेशी आला होता. ती म्हणाली, "छान झालीय. तू, बायको, लेक, तिघं जाऊन या."

"तिघं कसे? तुझ्यासाठीच तर..."

"झाडांना पाणी कोण घालणार?"

जिनेवाल्याने कुंड्यांत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या नळ्या बसवल्या. मग आईला डासांची आठवण झाली; त्याने तंबूला दुहेरी जाळी शिवून घेतली. मग उशी बदलली की तिला झोप येत नाही असं निघालं. त्याने तिच्या उशीच्या मापाचा वेगळा खण केला. उकाडा म्हणाली तर पंखा. रानात आडोशाला जाणं या वयात शोभत नाही म्हणाली तर घडीची खुर्ची, खाली भांडं आणि भोवती पडदा. आईने कारण काढावं आणि लेकाने त्यावर नट आवळावा, असा हा सामना चालला होता. काम उरकून घरी आला की तो त्या खुर्चीत स्वतः बसून ती डुगडुगते का बघायचा, भर रस्त्यात, पडदा उघडा टाकून. न्हाव्याची गिऱ्हाइकं त्या दिवसांत केस कमी कापून घ्यायची आणि बसायची जास्त.

शेवटी लेकीने विचारलं, "बाबा, आजीला यायचंच नसेल तर?"

"यायचंय तिला. मला कळतं ना."

हे मात्र त्याला खरंच कळत होतं. बाकी सगळी बोंब.

एका दुपारी एका गिऱ्हाइकाकडे निघालेला जिनेवाला टेप विसरला म्हणून परत आला. कामाची खोली घराच्या पुढच्या बाजूला आहे. तिच्या खिडकीतून गाडी दिसते. आई झारी घेऊन गाडीजवळ उभी होती. तिने गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. न्हाव्याचं दुकान जेवणापुरतं बंद होतं. तिने झारी खाली ठेवली, पिकअपचं दार उघडलं, आतला दांडा धरला आणि उजवा पाय उचलला. गुडघा अर्ध्यावर आला आणि थांबला. तिने पाय खाली ठेवला. डावा उचलून पाहिला. तोही तिथेच थांबला. मग तिने दार अगदी हळू लावलं, आवाज होऊ नये असं. तेवढ्यात कुणाच्या तरी फाटकाची कडी वाजली, तशी तिने झारी उचलली आणि गाडीच्या चाकाला पाणी घालायला सुरुवात केली.

खिडकीमागे जिनेवाला रंध्यावर हात टेकून उभा राहिला. गावभर दमलेले पाय शोधत हिंडला, आणि घरातला पाय त्याने मोजला नव्हता. त्या दुपारी तो गिऱ्हाइकाकडे गेलाच नाही.

संध्याकाळी बायको कामावरून आली. ती चष्म्याच्या दुकानात आहे, लोकांच्या नाकावर काचा चढवून "आता दिसतंय का?" विचारणं हाच तिचा धंदा. नवऱ्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

"अखेर दिसलं म्हणायचं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी त्यांना बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. मग मी काय बोलणार? आणि तुम्ही त्या खुर्चीत इतके रमला होतात."

"उद्याच पायरी करतो."

"करा. आणि काय सांगाल? आई, तुझ्यासाठी पायरी केलीय, हळू चढ हं, मी धरतो? गल्लीदेखत? त्या परत त्या गाडीकडे ढुंकून बघायच्या नाहीत."

जिनेवाल्याने मान खाली घातली. आईचा स्वभाव त्याला काय नवा होता. मागे एकदा बाजारात कुणी तिच्या हातातली पिशवी घेऊ पाहिली, तर तिने त्याला तिकीट काढलंय का असं विचारलं होतं.

बायकोने कांदा चिरायला घेतला. दोन काप झाले आणि ती म्हणाली, "त्यांच्यासाठी करूच नका. माझ्यासाठी करा. मी उद्यापासून लंगडते."

आणि ती लंगडली. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने ताट ठेवता ठेवता घोटा धरला आणि असं काही कण्हली की लेकीचा घास हातातच राहिला. "मला काही त्या गाडीत चढवत नाही," ती म्हणाली. "घोट्यात कळ येते. पायरी होईल तेव्हा येईन, नाहीतर जा तुम्ही बापलेक."

आईच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी तेज आलं. "अरे, करून दे की तिला पायरी. जगाला जिने वाटतोस आणि घरची माणसं टांगून ठेवतोस?"

"करतो," जिनेवाला म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोठा घेतला, म्हणजे तोंड बंद राहील.

मग कामाच्या खोलीपुढे जो तमाशा झाला तो बघायला खरं म्हणजे तिकीट लावायला हवं होतं. पायरी सुनेची, पण देखरेख सासूची. जिनेवाल्याने गाडीच्या दारापाशी फळ्यांची चवड रचली आणि बायकोला म्हणाला, "चढून बघ."

बायकोने पाय ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"बघ, दुखतंय तिला," आई म्हणाली. "एक फळी काढ."

"आई, आणखी खाली घेतली तर दोन पायऱ्या कराव्या लागतील."

"मग कर दोन. तुझ्या बापाचं काय जातंय? थांब, तिला कशाला त्रास देतोस, मी बघते." आणि कंडक्टरबाई पुढे झाली. तिने पहिल्या चवडीवर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला, उतरली, म्हणाली, "वरची अजून जराशी खाली. तिच्यासाठी म्हणतेय मी." जिनेवाला खाली बसून तिच्या कपाळाकडे बघत होता. आठी मिटली तिथे त्याने पेन्सिलीची खूण केली.

पायरी मात्र त्याने जीव ओतून केली. लोखंडी चौकट, वर लाकूड, त्यावर पाय घसरू नये म्हणून रबर. दोन पायऱ्या दाराखालून सरकत बाहेर यायच्या आणि दोरी ओढली की आत जायच्या, नाहीतर रानातल्या दगडांनी त्यांचं सरपण केलं असतं. दाराच्या खांबाला कोपराच्या उंचीवर एक दांडा बसवला. बायकोच्या नव्हे, आईच्या कोपराच्या. बायको त्याच्याहून चांगली वीतभर उंच आहे आणि सासूहून किती ते विचारूच नका. तो दांडा धरायचा तर तिला वाकून नमस्कारच करावा लागला असता.

निघायच्या सकाळी न्हाव्याने दुकान लवकर उघडलं, यातच सगळं आलं. लेक मागच्या सीटवर जाऊन बसली. बायको पायऱ्यांवरून लंगडत चढली आणि लेकीशेजारी सरकली. मग आई आली. हातात तिची उशी. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. एक पाय, दुसरा पाय, दांडा, आत. पुढच्या सीटवर बसून उशी मांडीवर घेतली आणि न्हाव्याला म्हणाली, "बघतोस काय? गिऱ्हाइकाचा कान सांभाळ."

गाडी गल्लीबाहेर पडल्यावर ती मागे न वळता सुनेला म्हणाली, "लंगडायचं तर एकाच पायाने लंगडावं गं. काल डावा दुखत होता."

मागे आधी लेकीला हसू फुटलं, मग तिच्या आईला. जिनेवाल्याने आरशात बघायचं टाळलं. त्याचे कान लाल झाले होते. "मी जन्मभर फुकटे पकडले," आई म्हणाली. "तुमची ती काय कथा." पण उतरते म्हणाली नाही, आणि पुढच्या वळणावर तिने खिडकीची काच पूर्ण खाली घेतली.

टाकी आली आणि गेली. टाकीवर आता वेल चढला होता. तिथे गाडी वळली नाही, सरळ कच्च्या रस्त्याला लागली. आई सीटवर पुढे सरकून बसली. आणि गॅरेजवाल्याने सांगितलेले दगडधोंडे येतायत न येतायत तोच म्हणाली, "थांब जरा. ते कसलं झाड आहे ते बघून येते."

जिनेवाल्याने दोरी सोडली, पायऱ्या बाहेर आल्या. ती उतरली, झाड बघून आली, चढली. थोडं पुढे गेल्यावर एक पडकी भिंत तिला बघायची होती. मग वाळक्या गवतातून काय पळालं ते. मग तिने पाणी मागितलं आणि गटागटा तांब्याभर प्यायली. बायकोने नवऱ्याच्या खांद्याला मागून हलकेच बोट लावलं. प्रवासात उतरावं लागू नये म्हणून आई आजवर घरून घोटभर चहासुद्धा न घेता निघायची, हे दोघांनाही ठाऊक होतं. तांब्याचा हिशोब अर्थातच पुढच्या झुडपाशी चुकता झाला. पडद्याची खुर्ची काढू का विचारलं तर म्हणाली, "ती तुझी आहे, तूच बस."

एवढं चढून उतरून ती दमली असेल असं जिनेवाल्याला वाटलं. दमला होता तो, दोरी ओढून ओढून.

ओढ्याशी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. पाणी फार नव्हतं, पण दगड गॅरेजवाल्याने सांगितले तसेच होते, आणि जाड पाट्यांची ती गाडी त्यांच्याकडे बघून फुरफुरत होती. जिनेवाल्याने बाह्या सरसावल्या. गेला महिनाभर तो या क्षणासाठी जगला होता.

"घट्ट बसा," तो म्हणाला.

"का?" आई म्हणाली. "इथे काय वाईट आहे? सपाट आहे, सावली आहे. पलीकडेही हेच गवत दिसतंय. मी उतरते."

"आई, पण गाडी उंच केली ती हा ओढा..."

आई तोवर खाली होती. चप्पल काढून पाण्याच्या कडेला उभी होती आणि नातीला हाका मारत होती. जिनेवाल्याने हातातल्या किल्लीकडे पाहिलं, समोरच्या ओढ्याकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

तंबू उलगडला. जाळी लागली. शेगडीवर बटाटे भाजायला टाकले आणि बायकोने चहा दिला. जिनेवाला कप घेऊन गाडीच्या खालच्या पायरीवर टेकला. उंच गाडीची चारही चाकं कोरडी ठणठणीत होती. न्हाव्याला काय सांगायचं, याचा तो थोडा वेळ विचार करत होता. मग तोही विचार चहाबरोबर गिळला. पायरी बसायला छान होती. पाय जमिनीला बरोबर टेकत होते.

आई पाण्यातून आली. पाय ओले, हातात कसली तरी पिसं.

"सरक," ती म्हणाली. "मला वर जायचंय. शाल राहिलीय आत."

"मी देतो ना काढून."

"तू चहा पी."

तो बाजूला सरकला. ती वर गेली, शाल घेऊन खाली आली. पुन्हा टेकतो न टेकतो तोच तिला चष्मा आठवला. तो पुन्हा सरकला.