दादाचं ‘झालं’ आणि वहिनीचा फोटो

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतच्या पट्ट्यात त्या काळात ज्या कुणाचा म्हणून चांगला फोटो निघाला, तो माझ्या वहिनीने त्याला बेसावध गाठून काढलेला आहे, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. ज्यांचे वाईट निघाले त्यांचे माझ्या दादाने काढले. हे मी दादाला त्याच्या तोंडावर ऐकवलेलं आहे. त्यावर तो शांतपणे म्हणाला होता, “मंग मी काय वेगळं म्हनून राह्यलो?”

स्वराज्य मिळालं त्याच सुमाराला दादाने नागपूरच्या एका फोटोग्राफरकडची उमेदवारी संपवून पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर स्टुडिओ थाटला. तीन पायांवर उभा राहणारा लाकडी कॅमेरा, डोक्यावर घ्यायचं काळं कापड आणि एक रंगवलेला पडदा. पडद्यावर महाल होता, कारंजं होतं आणि एक हंस होता. कापसाची गाडी विकून आलेला माणूस त्या हंसाशेजारी उभा राहिला की हंसच जास्त मोकळा दिसत असे. त्यात दादाचा आवाज असा की, “हलू नका, श्वास रोखा, पापनी लवू देऊ नका,” असं तो म्हणाला की समोरच्याला वाटे, आपल्याला जामीन मिळणार नाही. सौंसरच्या एका संत्रेवाल्याने मुलाचा फोटो सोयरिकीसाठी पाठवला, तेव्हा मुलीकडच्यांनी उलट निरोप पाठवून मुलाच्या प्रकृतीची चौकशी केली होती.

अशा घरात वहिनी रामाकोन्याहून लग्न होऊन आली. तिच्या माहेरी संत्र्याची बाग. फोटो तिने तोवर एकच पाहिलेला, तोही दादाचा स्वतःचा. “हे पाहूनही मी हो म्हटलं,” असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. घरकाम उरकल्यावर अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला दादाला मदत करायची, एवढंच काम तिच्याकडे होतं. पण लाल दिव्यात, पाण्यात हलणाऱ्या कोऱ्या कागदावर आधी डोळे, मग नाक, मग मिशी अशी माणसं वर येताना पाहून तिला जे वेड लागलं ते लागलंच. चुलीवर पोळी करपायची आणि ही आत कुणाची तरी मिशी उगवण्याची वाट पाहत बसायची. औषधांच्या बाटल्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी जाऊन बसल्या. फोटो पक्का करण्याचे पांढरे खडे आईने एकदा खडीसाखर समजून देवापुढे ठेवले. देवाने खाल्ले नाहीत म्हणून निभावलं.

पहिल्या काही महिन्यांतच एकदा, फोटो दोरीवर वाळत घालता घालता तिने दादाला विचारलं, “हे सारे चोरी करून आल्यासारखे काऊन दिसून राह्यले जी?”

“कॅमेरा खोटं बोलत नाही,” दादा म्हणाला.

“कॅमेऱ्याचं नाही म्हनत मी. तुम्ही भेव दाखवता त्यायले.”

दोन दिवसांनी गिऱ्हाइकाला त्याने, “श्वास रोखा, पन भिऊ नका,” असं सांगून पाहिलं. त्याने काही फरक पडला नाही.

वहिनीला चेहऱ्यांचं असं वेड लागल्यावर तिच्यासोबत चारचौघांत जाणं जोखमीचं झालं. घरी पाहुणा आला की त्याच्या हाती चहाची कपबशी देऊन ती त्याला खांद्याला धरून खिडकीपाशी न्यायची आणि मान कलती करून बघत राहायची. एका लग्नात तिने वराच्या आत्याला सांगितलं, “तुमचा डावा गाल लई छान आहे, उजव्याचं जाऊ द्या.” एका घरी आम्ही भेटीला गेलो होतो, घरात मयत झालेलं, सगळे खाली मान घालून बसलेले, आणि वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “भाऊजी, या घरात उजेड किती गोड येते.” हळू बोलणं तिला जमत नसे, त्यामुळे ते घरच्यांनीही ऐकलं. पण तिच्या बोलण्याचा राग कुणाला येत नसे, कारण ती खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठरवून नव्हे, तिला ते येतच नव्हतं. खोटं बोलायची वेळ आली की तिचे कान लाल होत आणि ती उठून पाणी प्यायला जाई.

ती कॅमेऱ्यामागे गेली ती एका सासूबाईंमुळे. सौंसरहून एक मोठं कुटुंब फोटो काढायला आलं. पुरुषांचा काढून झाला, पण बायका परपुरुषासमोर बसायला तयार होईनात. तेव्हा दादाने कॅमेरा नीट लावून दिला, फोटो उमटायची काच आत सरकवली, दाबला की फोटो निघतो तो रबरी फुगा वहिनीच्या हातात दिला आणि तो दार ओढून बाहेर जाऊन उभा राहिला. आत बायका एका ओळीत बसल्या, देवळातल्या मूर्तींसारख्या. वहिनी फुगा धरून बघत राहिली, पण तिला तो दाबवेना. बाहेर दादाचा धीर सुटला आणि त्याने दारातून मोठ्याने विचारलं, “झालं?”

आतल्या बायकांना वाटलं, झालं. धाकट्या सुनेने सुटकेचा श्वास टाकला, मधलीला कशाचं तरी हसू आलं, आणि सासूबाईंनी हात लांब करून थोरलीच्या कपाळावरची बट मागे सारली. त्या घरात सासूने थोरलीशी धड बोलल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं, असं मागाहून कळलं. वहिनीने फुगा दाबला.

तो फोटो धुवून वर आला तेव्हा दादा बराच वेळ लाल दिव्याखाली तो कागद धरून उभा होता. मग म्हणाला, “हे कसं काय झालं?”

“तुम्ही झालं म्हटलं म्हनून,” वहिनी म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांच्या स्टुडिओत कामाची वाटणी झाली. काळ्या कापडाखाली वहिनी. आईने हरकत घेतली, की सुनेने परक्या माणसांसमोर जायचं म्हणजे काय. वहिनी म्हणाली, “पदरात डोकं तेवढं झाकते आई, यात तर मी कमरेपर्यंत झाकली जाते.” वहिनी सगळं जुळवून कापडाबाहेर येई, काच सरकवे आणि फुगा हातात घेऊन भिंतीशी गरीब गाईसारखी उभी राही. मग दादा पूर्वीसारखाच दरडावून श्वास रोखायला लावी, हवेत हात उडवी आणि अत्यंत समाधानाने म्हणे, “हं, झालं.” माणसं सैल पडत. कुणी टोपी काढून डोकं खाजवी, कुणी बायकोकडे बघे. आणि भिंतीशी फुगा दाबला जाई.

दादाच्या त्या ‘झालं’मध्ये काय होतं ते मला सांगता येणार नाही. त्याचं थापा मारण्यातलं कसब आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्याचा कुणाला उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर गोटे फेकतात, त्या गोटमारीनंतर वहिनीने हट्ट धरला की पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे डोक्याला पट्ट्या बांधलेले लोक एका बाकावर बसवायचे. दादाने ते जमवलं, ते कसं ते तोच जाणे. बाकावर मंडळी एकमेकांकडे पाठ केल्यासारखी बसली. दादाने झालं म्हटलं, तसा सावरगावचा एक म्हातारा शेजारच्याची पट्टी चाचपून म्हणाला, “हा माह्याच हातचा दिसते.” तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत कैक वर्षं होता. त्यात सगळे हसताहेत.

मग राज्यांची फेररचना आली. मी तेव्हा सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून होतो. नागपूर मुंबईकडे जाणार, आपण मध्यप्रदेशात राहणार, राजधानी भोपाळला, हे नक्की झालं आणि कचेऱ्यांमधली माणसं कुणी इकडे तर कुणी तिकडे अशी वाटली जाऊ लागली. जी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाऊन एकमेकांविरुद्ध तक्रारी करत होती, त्यांना अचानक एकत्र फोटो हवा झाला. दादा-वहिनी बैलगाडीत कॅमेरा घालून गावोगाव हिंडू लागले. आमच्या कचेरीचाही फोटो झाला. आमचे साहेब कधी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दादाने झालं म्हटल्यावर साहेबांनी मागे वळून शिपायाला विचारलं, “आता मला चहा कोण देईल रे?” आणि त्या चेहऱ्याने ते फोटोत आले.

त्या फोटोची एक प्रत कुणाच्या तरी सामानातून नागपूरला गेली आणि तिथल्या एका मोठ्या स्टुडिओच्या मालकाने ती पाहिली. तो स्वतः पांढुर्ण्याला आला. दुकानातले फोटो निरखून त्याने दादाला आपल्याकडे यायचं आमंत्रण दिलं. नागपूरला मोठा स्टुडिओ हे दादाचं उमेदवारीपासूनचं स्वप्न. पण तो प्रामाणिकपणे म्हणाला, “फोटो ही काढते. मी फक्त खोटं बोलतो.” मालक खूप हसला. त्याला तो विनय वाटला. “वहिनींनाही फोटोंवर रंग द्यायचं काम देऊ की घरबसल्या,” असं तो म्हणाला.

तो गेल्यावर दोन दिवसांनी, मी सुट्टीला घरी आलो होतो तेव्हा, जेवायला वाढता वाढता वहिनी म्हणाली, “जा तुम्ही. तुमच्या मनात कवापासून आहे. मी हे सांभाळते.” तिचे कान लाल झाले होते. हे मी पाहिलं, दादाने ताटाकडे बघत असल्यामुळे पाहिलं नाही. तो गेला.

स्टुडिओ वहिनीने चालवला. उजेड तोच, कॅमेरा तोच, पण तिला ‘झालं’ म्हणता येईना. व्हायच्या आधी झालं कसं म्हणायचं, या विचाराने ती अडखळायची. म्हणून सुट्टीच्या दिवशी ते म्हणायला मी सौंसरहून जाऊ लागलो. मी म्हटलेलं ‘झालं’ ऐकून लोक माझ्याकडे बघत आणि विचारत, “खरंच?” एका म्हातारीने तर मलाच धीर दिला, “होऊन जाईन बाप्पा, घाबरू नको.” फोटोंमधली माणसं पुन्हा गुन्हेगारांसारखी दिसू लागली. वहिनीने ते काचेत लावले नाहीत. एका संध्याकाळी ती फोटो धुता धुता म्हणाली, “हात माह्यावाला होता भाऊजी, पन फोटो दोघांचा होता. त्यायले सांगू नका.” मी सांगितलं नाही. पत्र लिहायला बसलो आणि फाडून टाकलं, कारण दादाच्या पत्रात तिथल्या विजेच्या दिव्यांची फार स्तुती असे.

दिवाळीच्या आधी एका दुपारी रामाकोन्याहून वहिनीचेच कुणी लांबचे नातलग आले होते, नवीन जोडपं आणि म्हातारे आईवडील. चौघेही ताठ. वहिनी फुगा धरून भिंतीशी उभी, मी घसा साफ करून तयारीत. तेवढ्यात दारात दादा दिसला. हातात ट्रंक, अंगावर प्रवासाची धूळ. त्याने ट्रंक खाली ठेवली नाही, कुणाला हाक मारली नाही. आत एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, “हं, झालं.”

चौघेही सैल पडले. नव्या नवरीने नवऱ्याच्या टोपीवरचा दोरा काढला. वहिनीने फुगा दाबला, दादाकडे न बघता काच काढून घेतली आणि आतल्या खोलीत निघून गेली. गिऱ्हाईक गेलं तरी ती बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. “औषध झोंबते,” ती म्हणाली. कान तर डोळ्यांहून लाल होते.

मग तिने पाण्याचा तांब्या दादापुढे ठेवला आणि विचारलं, “सुट्टी आहे काय जी?”

“नाही,” दादा म्हणाला. “तिथं मी झालं म्हनतो, आन् लोक उठून चालले जातात.”

यापेक्षा जास्त बोलणं माझ्यासमोर झालं नाही. पण पुढच्याच आठवड्यात दादाने पाटी रंगवणाऱ्याला बोलावून स्टुडिओच्या नावाखाली एक ओळ लिहून घेतली, ‘मालक बोलतील, फोटो मालकीण काढतील.’ बाजाराच्या दिवशी लोक ती वाचायला थांबत आणि थांबलेच आहेत म्हणून फोटो काढून घेत. भोपाळकडचे नवे हिंदी अधिकारी आले की दादाला ‘हो गया’ म्हणावं लागे. ते त्याला तितकंसं जमत नसे. “हिंदीत तुम्ही खरं बोलता,” असं वहिनीचं मत होतं. पण त्याने झटून ते शिकून घेतलं, आणि वहिनीनेही लग्नाच्या मांडवात, शाळेच्या अंगणात, संत्र्याच्या बागेत कॅमेरा न्यायला सुरुवात केली. महाल, कारंजं आणि हंस गुंडाळून माळ्यावर गेले.

पुढे माझीही वाटणी झाली आणि मी मुंबई राज्याकडे, वर्ध्याला आलो. संसार, मुलं, बदल्या यात पांढुर्ण्याला वर्षातून एकदा जाणं व्हायचं, मग दोन-तीन वर्षांतून एकदा. शेवटचा गेलो तेव्हा स्टुडिओ त्यांनी दुसऱ्याला दिलेला होता. दोघंही मला नागपूरच्या बसवर सोडायला आले. दुपार कलली होती. मी चढलो तशी दादाने खालून हाक मारली, “उजव्या खिडकीशी बस, हवा लागेल.”

“डाव्या बसा भाऊजी,” वहिनी म्हणाली. “उन्ह उजवीकडं राहीन सावनेरपर्यंत.”

दोघांचा तिथेच वाद लागला. दादा कंडक्टरची साक्ष काढू लागला. बस निघाली तेव्हा तो अजून बोलतच होता आणि वहिनी डोळ्यांवर हात धरून माझ्या खिडकीकडे बघत होती. त्या दोघांना एकत्र पाहण्याचा योग त्यानंतर आला नाही.

मी डावीकडे बसलो होतो. गाव सुटल्यावर रस्ता एके ठिकाणी वळला आणि ऊन थेट माझ्या तोंडावर आलं. पलीकडचा माणूस सरकून म्हणाला, “या न जी इकडं, सावली आहे.” मी म्हटलं, “राहू द्या, जाईल ते.” बागांमधून बस पुढे गेली, रस्ता सरळ झाला, आणि ऊन गेलं.