दोन नाईटची कादंबरी

जगातल्या झाडून सगळ्या थोर कादंबऱ्या आमच्या शेजारच्या काकूंना घाबरून असतात, असं माझं ठाम मत आहे. मोठमोठ्या समीक्षकांसमोर त्या ताठ मानेने उभ्या राहिल्या असतील, पण भिलाईच्या सेक्टरमधल्या या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आल्या की कपाटातून अंग चोरूनच बाहेर निघत असतील. काकूंनी हातात घेतलेली कादंबरी नुसती वाचली जात नसे, तिची झडती होत असे. नायक दर दहा पानांनी नदीकाठी जाऊन विचार करत बसला की काकू पुस्तक पालथं घालून विचारायच्या, "याले कामधंदा काय आहे?" नायिका शेवटच्या प्रकरणात तापाने गेली की त्या लेखकाला माफ करत नसत. "सुचलं नाही काही, म्हणून पोरीले ताप आणला. डॉक्टर आणायले काय झालं होतं?" साऱ्या गावाने डोक्यावर घेतलेल्या एका भल्याथोरल्या कादंबरीबद्दल त्यांचं एकच मत होतं: "एवढी पंगत उठली, पण भांडी कोणं घासली, ते शेवटपर्यंत कळलं नाही." मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा युनियनची पत्रकं घरी आणायचे, त्यांवरच मी अक्षरं ओळखायला शिकले. श्रमाचा प्रश्न इतक्या थोडक्यात मांडणारं पत्रक मी अजून पाहिलेलं नाही.

काकूंच्या वाचनाला प्लांटचं वेळापत्रक होतं. काका पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची आणि नाईटचा आठवडा आला की सकाळी ते येऊन झोपायचे. मग त्या घरात दुपारपर्यंत आवाज म्हणून काही राहत नसे. कुकर लावायचा नाही, रेडिओ नाही, नळाखाली बादलीत फडकं टाकून ठेवायचं म्हणजे पाण्याची धार वाजत नाही. फोडणीतली मोहरीसुद्धा झाकणाखाली तडतडायची. असं बिनआवाजाचं काम जगात एकच आहे, ते म्हणजे वाचन, असा शोध काकूंना लग्नानंतर लगेच लागला. मराठी मंडळाच्या कपाटातली एकेक जाडजूड कादंबरी त्यांनी या आठवड्यांमध्ये संपवली. म्हणून त्या पुस्तकं पानांवर मोजत नसत. "ती? ती दोन नाईटची आहे," असं त्या सांगायच्या, म्हणजे काकांच्या रात्रपाळीचे दोन आठवडे. मधल्या आठवड्यांत पुस्तकाला हात लावायचा नाही, मग नायिका पुरात अडकलेली असो की कोर्टात. एकदा बर्फाच्या देशातली एक कादंबरी त्यांनी आणली. तिच्यात प्रत्येक माणसाला तीन-तीन नावं. काकूंनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक नावावर शेजारपाजारच्यांचं नाव लिहून टाकलं. नायिकेला फसवणारा उमराव आमच्या समोरच्या दुबेजींच्या वाट्याला आला. ती कादंबरी संपेपर्यंत आणि संपल्यावरही बरेच दिवस काकू दुबेजींशी बोलत नव्हत्या. बिचारे दुबेजी मला विचारायचे, "भाभीजी नाराज हैं क्या?" त्यांना काय सांगणार?

भेटेल त्याला काकू दोन प्रश्न विचारायच्या. जुन्यातल्या चांगल्या कादंबऱ्या किती वाचल्या, आणि काय वाटलं? गॅसवाला यातून सुटला नाही, मंडळाचे अध्यक्ष सुटले नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक फुगवून द्यायचे, दुसऱ्याला पडायचे. इथपर्यंत गंमत होती. पण त्यांची एकुलती मुलगी, माझी मैत्रीण शुभांगी, लग्नाची झाली आणि हेच दोन प्रश्न बघायला येणाऱ्या मुलांना विचारले जाऊ लागले. तेही नाईटच्या आठवड्यात, दुपारी, काका आत झोपलेले असताना. "पास झाला तर उठवीन त्याईले. नापास पोरासाठी माणसाची झोप कावून मोडायची?" हा काकूंचा हिशेब. नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवणारा एक मुलगा आला. म्हणाला, पन्नासेक तरी वाचल्या असतील. काय वाटलं? "छान आहेत सगळ्याच." काकूंनी त्याच्यासमोरची पोह्यांची बशी उचलली. बशी उचलली की नापास, हे सेक्टरभर माहीत झालं होतं. नंतर आम्हाला म्हणाल्या, "ज्याले सगळंच छान वाटते, त्याले आळणी वरण छान वाटंन, आन् पोरगी उद्या निघून गेली तरी छान वाटंन." दुर्गचा दुसरा एक मुलगा मोबाईलवर दहा मिनिटांत कादंबरीचा सारांश ऐकायचा. त्याला काकू शांतपणे म्हणाल्या, "मग लग्नाचाही ऐकून घे ना बाप्पा." काका या कशातच नव्हते. काकू ठरवतील त्यावर ते झोपेतून मान डोलावत.

खरा घोर लागला तो देवेंद्र आल्यावर. देवेंद्र खुर्सीपारचा, रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे कामाला, आणि शुभांगीचं त्याच्यावर मन जडलेलं. आमच्या गावात कायम आणि ठेकेदारीचा असे दोन वर्ण आहेत. एकाच भट्टीसमोर दोघे उभे राहतात, एकाच आचेने भाजतात, पण एकाला क्वार्टर आणि दवाखाना, दुसऱ्याला गेटपास, तोही ठेकेदाराच्या मर्जीचा. मी यावर चार पत्रकं लिहिली आहेत, ती कोणी वाचली नाहीत ते सोडा. काकूंनी मात्र ठेकेदारीचा म्हणून नाक मुरडलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "येऊ दे. सगळ्याईले जे विचारते तेच विचारीन." आणि तिथेच सगळं संपल्यासारखं झालं, कारण देवेंद्रने जन्मात एकही कादंबरी वाचली नव्हती. तिकडे शुभांगीच्या मामांनी नागपूरचा एक इंजिनियर हेरून ठेवला होता. तो येत्या रविवारी येणार होता, आणि त्याने म्हणे शाळेत असल्यापासून कादंबऱ्या वाचल्या होत्या. शुभांगी आमच्या गच्चीवर येऊन बसली. "बशी उचलली ना, तर मी आईच्या विरुद्ध नाही जाऊ शकणार," ती म्हणाली. "आणि त्या इंजिनियरशी पण नाही करू शकणार. तू काहीतरी कर."

मी शिकवणी घेतली. खुर्सीपारच्या चहाच्या टपरीवर देवेंद्रला चार निवडक कादंबऱ्या सांगितल्या, प्रत्येकीचं एक मत पाठ करून घेतलं. हुशार मुलगा. अडचण एकच होती: त्याचा आवाज. मिलमध्ये बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे त्याला हळू बोलताच येत नव्हतं. चहा मागितला तरी पलीकडचं दुकान वळून पाही. "काकांची झोप मोडायची नाही," मी बजावलं. "समजलं ताई," तो म्हणाला, आणि टपरीवरचे सगळे आमच्याकडे बघू लागले.

ती दुपार आजही माझ्या अंगावर येते. आतल्या खोलीला पडदा, पडद्यामागे कूलरची घरघर आणि काकांचा संथ श्वास. बाहेर खुर्चीच्या टोकावर देवेंद्र, समोर पोह्यांची बशी, बशीपलीकडे काकू. शुभांगी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी. मी वेताच्या मोढ्यावर. काकू कुजबुजल्या, "किती वाचल्या?"

"चार," देवेंद्र घशातून फुंकर मारल्यासारखं बोलला. एवढं हळू बोलायला त्याला इतके कष्ट पडत होते की मानेच्या शिरा दिसत होत्या.

"त्यातली पहिली सांग. काय वाटलं?"

"त्यात कष्टकरी वर्गाचं चित्रण सहानुभूतीनं येते," देवेंद्र म्हणाला, "पण उत्पादनसंबंधांची चिकित्सा नाही."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हे तर हिचं बोलणं आहे," त्या म्हणाल्या. "हिच्या तोंडून मी मस्त वेळा ऐकलं आहे ते. आता तुझं सांग."

देवेंद्रने एकदा शुभांगीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग कुजबुजायचं सोडूनच दिलं.

"काकू, मी एकबी नाही वाचली."

मिलमधला तो आवाज भिंतीवर आपटून परत आला. आत पलंग करकरला. आम्ही चौघंही श्वास धरून पडद्याकडे पाहत राहिलो. काकांनी कूस बदलली. पुन्हा तो संथ श्वास सुरू झाला.

"मग खोटं कावून बोलला?" काकू.

"खरं बोललो असतो तर तुम्ही बशी उचलली असती."

"ते तर आताही उचलीन," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी उचलली. शुभांगीने डोळे मिटून घेतले. काकू बशी घेऊन उठल्या, स्वयंपाकघराकडे वळल्या. मी मनातल्या मनात त्या इंजिनियरच्या स्वागताविरुद्ध एक पत्रक लिहायला घेतलं होतं, इतक्यात देवेंद्र म्हणाला, "एक विचारू का काकू? ती पोरगी मग रातभर कुठं राहिली?"

"कोणती पोरगी?"

"तेच, पहिल्या कादंबरीतली. दागिने ठेवून घरातून निघते ना. स्टेशनवर पोचते, तर गाडी निघून गेलेली. मग? ताईले विचारलं मी, तर ताई म्हणे ते महत्त्वाचं नाही."

काकू बशी हातात धरून तशाच उभ्या. "महत्त्वाचं नाही म्हणाली?"

"हो. दोन दिवस तेच डोक्यात चालू आहे माझ्या. एवढी रात, एकटी पोरगी, जाईन कुठं?"

काकू परत आल्या आणि बसल्या. बशी त्यांच्या मांडीवर. "स्टेशनातच राहिली," त्या कुजबुजल्या. "बायकाईच्या वेटिंग रूममध्ये. पण त्याच्याआधी मामाच्या घरी गेली होती."

"त्या गावात मामा होता तिचा?"

"होता ना. दार वाजवलं हिनं. मामीनं आतून विचारलं, कोण आहे. हिनं नाव सांगितलं. मामीनं दिवा विझवला."

"आन् मामा?"

"मामा आतच होता. ऐकून राहिला होता."

"उठला नाही?"

"नाही उठला."

देवेंद्र पुढे सरकला. काकूही सरकल्या. त्या सांगत होत्या आणि हा मध्येच अडवत होता, तिच्याजवळ पैसे होते का, थंडी होती का, वेटिंग रूममध्ये आणखी कोण होतं. काकूंचे डोळे असे मी कधी पाहिले नव्हते. बोलता बोलता त्यांनी मांडीवरची बशी त्याच्या हातात दिली, दिल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नसावं. पोहे तोंडात असतानाच देवेंद्रला मामाचा सकाळचा प्रसंग कळला: मामा स्टेशनवर येतो, तिला पाहतो आणि ओळख न दाखवता निघून जातो. देवेंद्र उभाच राहिला.

"असा कसा मामा?" तो गरजला. "हातपाय बांधले होते का त्याचे?"

"कोण आहे?" पडद्यामागून काकांचा घोगरा आवाज आला.

नाईटच्या आठवड्यात त्या घरात दुपारी कोणी मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. काकू मोठ्याने बोलल्या. "उठा आता. तोंड धुऊन या. जावई आले आहेत."

लग्न मंडळाच्या हॉलमध्ये झालं. शुभांगी खुर्सीपारला गेली, पण दर रविवारी दोघं यायची आणि देवेंद्र काकूंसमोर बसायचा. वाचली त्याने एकही नाही. काकू सांगायच्या, तो भांडायचा. त्यांनी कपाटातली सगळ्यात जाड कादंबरी काढली, तिच्यासमोर बाकीच्या पोरकट वाटतात अशी, आणि रविवारी थोडी थोडी त्याला सांगायला सुरुवात केली. मी एकदा विचारलं, काका नाही का ऐकत? "ते झोपेत असते बिचारे," काकू म्हणाल्या. "चांगला माणूस आहे. पण ‘मग काय झालं’ असं त्यानं कधी विचारलं नाही. मीही नाही सांगितलं." त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कोणालाच ते दोन प्रश्न विचारलेले मला आठवत नाहीत.

मग ठेकेदाराचं इथलं काम संपलं. ठेकेदाराला कायमचं असं काही नसतंच. त्याने माणसं उचलली आणि ओडिशातल्या एका कारखान्यात नेली. त्यांच्यात देवेंद्र, देवेंद्रबरोबर शुभांगी. चार दिवसांत घर आवरून दोघं गेली. कादंबरी अर्ध्यावर राहिली. नायकाचा भाऊ परत येतो आणि आई त्याला ओळखत नाही, तिथे.

काका आता रिटायर झाले आहेत. रात्री झोपतात, दिवसभर टीव्हीसमोर बसतात. परवा गेले तर काकू गॅलरीत बसल्या होत्या, तीच कादंबरी मांडीवर, मिटलेली. मी म्हणाले, फोनवर सांगा ना त्याला पुढचं. "सांगून पाहिलं," त्या म्हणाल्या. "तिकडं मागं मशीन चालू राहते. तो ‘मग’ म्हणते, पण मले ऐकू येत नाही. समोर माणूस लागते बाई."

"मला सांगा मग."

"तुले माईत आहे शेवट."

"विसरले मी."

काकूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू नाही विसरणार. आन् तुझ्या तोंडावर दिसते ना पुढं काय होते ते. मग मी सांगू काय?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि चहा टाकायला उठल्या.

मी तिथे बसून राहिले. पुस्तक त्या खुर्चीवर ठेवून गेल्या होत्या. ही कादंबरी मी कॉलेजात असताना एका सुट्टीत संपवली होती आणि चारचौघांत तसं सांगितलंही होतं. कितीतरी वाचल्या आहेत मी. ही एक वाचली नसती तर बरं झालं असतं.