कार्डमास्तरांची यादी आणि शिवणबाईंचं बंद दार

कार्डमास्तर दुपारी दोनच्या ठोक्याला समोरच्या इमारतीचा जिना चढतात, शिवणबाईंच्या खोलीत शिरतात, दार आतून बंद होतं आणि थेट पाचला उघडतं, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा आणली इस्त्रीवाल्याने. त्याचं टेबल त्या जिन्याखालीच, त्यामुळे साक्षीदार भरवशाचा. मास्तर विधुर, वय त्रेसष्ट. बाईंनी लग्नच केलेलं नाही. मग काय, आठवड्याभरात दूधवालीने तारीखसुद्धा ठरवून टाकली. तिखटमीठ लावण्यात माझाही हात होता, खोटं कशाला बोलू?

आता मास्तर कोण ते सांगतो. चौतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहिली, म्हणून कार्डमास्तर. पुस्तक आलं की नाव, लेखक, आवृत्ती, फाटलेली पानं, सगळं मोत्यासारख्या अक्षरात कार्डावर. आणि पुस्तक मनात भरलं, तर खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने दोन शब्द : जरूर न्यावे. साहेबांनी तीनदा ताकीद दिली. मास्तरांनी तीनदा मान डोलावली आणि नवी लाल पेन्सिल आणली.

निवृत्त झाल्यावर घरी लॅपटॉप आला. तिथे मास्तरांना समजलं, की जगभरचे लोक एका सॉफ्टवेअरवरून आपल्या कपाटातली पुस्तकं स्कॅन करून एकमेकांना देतात. त्यांना आनंद झाला तो पाच मिनिटं. मग फाइलींची नावं दिसली. ‘स्कॅन सात’, ‘नवीन’, ‘नवीन खरं’, ‘शेवटचं’. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“पुस्तकाला नाव नाही? गुरांना तरी नाव ठेवतात!”

“मग ठेव तू,” अक्का म्हणाली. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्याच घरात राहते आणि भावाला अजून बाळ्या म्हणते.

बाळ्याने ते मनावर घेतलं. चार वर्षं खपून एक यादी केली. हवं ते नाव टाका, पुस्तक कोणाकडे आहे, कोणती आवृत्ती, कुठलं पान गायब, सगळं समोर. छोटं सर्च इंजिनच म्हणा ना. स्वतःकडे एकही फाइल नाही, नुसता पत्ता. चार हजारांवर नोंदी झाल्या. बायको गेल्यावर हा माणूस सकाळी उठून दाढी करायचा, तो त्या यादीसाठी.

आणि मग नोटीस आली. एका लहानशा प्रकाशनाची. त्यांचं शिवणकामाचं पुस्तक, कागदी नमुन्यांसकट, यादीमुळे लोक फुकट उतरवून घेतात. पंधरा दिवसांत अख्खी यादी बंद करा, नाहीतर कोर्टात भेटू.

मास्तरांनी वकील भाचीला बोलावलं. अक्काचीच मुलगी. तिने यादी उघडली आणि कपाळाला हात लावला.

“मामा, हे काय लिहिलंय?”

“काय?”

“ ‘जरूर उतरवून घ्यावे.’ ”

“शिफारस आहे ती. प्रत्येक पुस्तकाला नाही, चांगल्याच पुस्तकांना.”

“अहो मामा, तुम्ही नुसता पत्ता दाखवला असता तर मी भांडले असते. सर्च इंजिनवाल्यांना कायदा साधारण हेच म्हणतो, की माल तुमचा नाही, मालकाने सांगितलं की नोंद काढा आणि सुटा. फाइली वाटायचं सॉफ्टवेअर करणाऱ्यालासुद्धा विचारतात, बाबा रे, तू नुसतं साधन बनवलंस की लोकांना कॉपीराइट मोडायला बोलावलंस? बोलावलं असेल तर धरतात. आणि तुम्ही तर बोलावणं लेखी दिलंय. नोंदीनोंदीत. तारीख घालून.”

“सही तेवढी राहिली,” अक्का म्हणाली.

“मग आता ती ओळ पुसून टाकू?”

“नोटीस आल्यावर पुसलीत तर आणखी अडकाल. ज्यांचं पुस्तक आहे त्यांना जाऊन भेटा. लेखिका कुठे राहते ठाऊक आहे का? पुस्तकावर पत्ता बघा.”

पत्ता समोरच्या इमारतीचा होता. रोज गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसणाऱ्या शिवणबाई.

मास्तर गेले. खोलीत दोन मशीन, एक बिनमुंडक्याचा पुतळा, दोरीवर पातळ कागदाचे नमुने. बाईंनी ‘बसा’ म्हटलं नाही.

“तीस वर्षांचं काम आहे माझं त्या पुस्तकात. पोरींना शिकवून शिकवून एकेक नमुना बसवला. आता प्रकाशक म्हणतो, खप नाही, नवी आवृत्ती काढत नाही. तुमच्या कृपेने!”

“चुकलं माझं.”

“निदान वाचलंत तरी का, की नुसतंच वाटलंत?”

“वाचलं. सत्तेचाळिसाव्या पानावर मुंढा अर्धा इंच कमी छापलाय.”

मुंढा म्हणजे बाही खांद्याला जोडतात तो गोल काप. बाईंच्या हातातली कात्री थांबली.

“तुम्हाला कसं कळलं?”

“अक्काने त्यावरून जाकीट शिवलं. हात वर होईना. मग मी पट्टी लावून मोजलं. नोंदीत लिहिलंय, मुंढा अर्धा इंच वाढवावा.” मास्तर घुटमळले. “आणि पुढे, जरूर उतरवून घ्यावे.”

बाई हसल्या नाहीत. पण स्टूल पुढे सरकवलं. अकरा वर्षं त्या प्रकाशकाला सांगत होत्या, चूक छापखान्याची आहे, निदान एक चिठ्ठी तरी चिकटवा. कोणी ऐकलं नव्हतं. उलट विद्यार्थिनी बाईंनाच नावं ठेवत होत्या.

“शिक्षा म्हणून नाही सांगत,” त्या म्हणाल्या, “पण माझ्यासारखी किती माणसं आहेत तुमच्या यादीत? जिवंत, आपल्या पुस्तकावर हक्क असलेली?”

मास्तरांनी ते कधी मोजलंच नव्हतं. चौतीस वर्षं लेखकाचं नाव लिहिलं होतं. तो माणूस कुठेतरी जेवत-खात असेल, हे मनात आलं नव्हतं.

ठरलं ते असं. बाई प्रकाशकाला नोटीस मागे घ्यायला लावतील. मास्तर प्रत्येक नोंद तपासतील : लेखक हयात आहे की नाही, गेला असेल तर हक्क संपायला पुरेशी वर्षं झाली का. हक्क शिल्लक असेल ती नोंद काढायची. आणि ती ओळ सगळीकडून जायची, भाचीने प्रकाशकाला कळवल्यानंतर. हे काम मास्तरांवर सोडून द्यायची बाईंची तयारी नव्हती, म्हणून त्यांच्या समोर बसून करायचं.

तीन महिने चाललं. पहिल्या दिवशी मास्तरांनी सतरा नोंदी काढल्या आणि घरी जाऊन जेवले नाहीत. अक्काने ताट झाकून ठेवलं आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. एखादी नोंद काढताना ते रेंगाळले, की बाई मशीन थांबवून म्हणत, “काढा, मास्तर. त्याचीही कुणी घरी वाट बघतंय.” आणि लेखक जाऊन शंभर वर्षं झालेलं एखादं पुस्तक निघालं, की मास्तर आनंदाने खुर्चीतून उठत आणि त्याच म्हणत, “बसा, राहिलं ते राहिलं.”

चार हजार एकशे बारा नोंदींपैकी तेराशे सहा उरल्या. नोटीस मागे घेतली गेली. यादी चालू आहे. शिवणबाईंची नवी आवृत्ती अजून निघालेली नाही.

दार बंद असायचं, कारण उघडं ठेवलं की वाऱ्याने नमुन्यांचे कागद उडायचे. आत मास्तर नोंदी वाचून काढत होते आणि बाई शिवत होत्या. लग्नाचा विषय दोघांपैकी कोणीही कधी काढला नाही.