भरलेली बाटली

आम्ही नोएडात नवीन घर घेतलं, पण माझं ऑफिस दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच राहिलं. संध्याकाळी चार्टर्ड बस यमुनेच्या पुलाजवळ हमखास अडकायची. वाटेत लघवीला लागू नये म्हणून मी दुपारपासून पाणीच प्यायचे नाही.

शेजारच्या सीटवरची बाई रोज स्वेटर विणायची. एकमेकींची नावं आम्ही कधी विचारली नाहीत.

मग मला मूत्राशयाचं इन्फेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरू नका. घरी मी नुसतं पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते. विणता विणता शेजारच्या बाईने माझ्या मांडीवरच्या, अजून भरलेल्याच पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं.

"जलन होती है?" तिने हळूच विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं.

ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भैया, पंप पे रोकना. मुझे बाथरूम जाना है."

पेट्रोल पंपावर तिने सोबत म्हणून मलाही उतरवलं, आत पाठवलं आणि कडी मोडलेलं दार बाहेरून धरून उभी राहिली. मी बाहेर आले तशी ती सरळ बसकडे वळली.

"आप नहीं जाएँगी?"

"मुझे कहाँ जाना था," ती म्हणाली.

बसमध्ये मागून कोणीतरी बोललं, "मैडम, ऑफिस से निपटकर आया करो." दोन-चार जण हसले. ती टाके मोजत राहिली.

मी बाटली उघडली आणि खिडकीबाहेर बघत पाणी पीत राहिले, म्हणजे काही बोलावं लागणार नाही.